चोवीस बिटांची दुकाने : हाय-रेझ संगीत कुठून घ्यावे आणि काय पाहून घ्यावे

गेल्या दिवाळीत मी परदेशातील एका ऑनलाइन दुकानातून जॅझचा एक जुना अल्बम २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ या मापात विकत घेतला. रुपयांत हिशेब केला तर त्याचे दोन हजारांच्या आसपास पडले. फाइल उतरवून घेतल्यावर सवयीने ती ‘स्पेक’ या फुकट मिळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये टाकली. हा प्रोग्रॅम आवाजातील कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे याचे रंगीत चित्र काढून दाखवतो. त्या चित्रात शून्यापासून २२ किलोहर्ट्झपर्यंत रंगांची दाट वस्ती होती आणि तिथून ९६ किलोहर्ट्झपर्यंत निव्वळ काळोख होता, मधली सीमा पट्टी धरून आखल्यासारखी सरळ. टेपवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात असे होत नाही. टेपची सरसर वरच्या पट्ट्यांत हळूहळू विरत जाते, एका रेषेवर तुटत नाही. म्हणजे कोणीतरी सीडीच्या मापाची फाइल घेऊन ती मोठ्या डब्यात ओतली होती आणि डब्याच्या मापाने पैसे लावले होते. दुकानाकडे विचारणा केल्यावर उत्तर आले की कंपनीने जशी फाइल दिली तशीच आम्ही पुढे दिली. पैसे परत मिळाले नाहीत.

या अनुभवानंतर मी दुकानांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. हा लेख त्याच नजरेने केलेल्या परीक्षणाचा आहे. हाय-रेझ म्हणजे सीडीहून मोठ्या मापाचे संगीत विकणारी दुकाने आज पुष्कळ आहेत, त्यांतील मोठ्या दुकानांकडील अल्बमांची संख्या आणि दर यांत फारसे अंतर नाही, आणि फाइलही बहुतेक सर्वांकडे ‘फ्लॅक’ या, आवाजातील काहीही न गाळता फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात मिळते. खरा फरक एकाच गोष्टीत पडतो : जी फाइल आपण घेत आहोत ती कोणत्या मूळ मुद्रणावरून, कधी आणि कोणत्या मार्गाने तयार झाली, हे दुकान सांगते की नाही. मुद्रणाची ही कुळकथा जो सांगतो तो माझ्या लेखी चांगला दुकानदार.

आकड्यांचा अर्थ थोडक्यात सांगतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचे माप १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ असे आहे. त्यातील दुसऱ्या आकड्याचा अर्थ असा की त्याच्या निम्म्या, म्हणजे २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी त्यात पूर्णपणे मावतो, आणि तरुण, निरोगी कानाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असते. माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या माणसाची तर त्याच्या बरीच खाली. पहिला आकडा सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर ठरवतो : १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटांत सैद्धांतिकदृष्ट्या १४४. मुद्रणाच्या वेळी २४ बिट फार उपयोगी पडतात, कारण गायक अचानक तार सप्तकात गेला तरी आवाज फाटू नये म्हणून पातळी खाली ठेवून मोकळी जागा सोडता येते. घरी ऐकताना मात्र पंख्याचा आणि रस्त्याचा आवाजच इतका असतो की ९६ डेसिबलांचा आवाकाही कोणी पुरता वापरत नाही.

मग फरक ऐकू येतो की नाही? या प्रश्नावर आजवर पुष्कळ शाई वाहिली आहे. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरन यांची चाचणी प्रसिद्ध झाली. हाय-रेझ डिस्कचा आवाज मधेच सीडीच्या मापातून फिरवला तर श्रोत्यांना ते कळते का, हे त्यांनी ५५४ वेळा तपासले, आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण निम्म्यावरच राहिले, म्हणजे छापा-काटा केल्यासारखे. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा हे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. अगदी थोडे, पण केवळ योगायोग म्हणता येणार नाही इतके, आणि आधी कान तयार करून घेतलेल्या श्रोत्यांत अधिक. २००७ च्या चाचणीवर घेतलेला एक आक्षेप मला सर्वांत बोलका वाटतो : तिच्यात वापरलेल्या काही हाय-रेझ डिस्कमधील संगीत मुळातच त्या मापाचे नव्हते. शास्त्रीय चाचणी करणाऱ्यांनाही डब्यावरच्या आकड्याने चकवले असेल, तर गिऱ्हाइकाचे काय सांगावे.

मूळ मुद्रणाची जात लिहिण्याची पद्धत ठरवण्याचा प्रयत्न झालेला आहे. जून २०१४ मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक्स आणि ध्वनिमुद्रण क्षेत्रातील संस्थांनी मोठ्या कंपन्यांसह हाय-रेझची व्याख्या ठरवली आणि तिच्याबरोबर चार संकेत दिले : ‘एमक्यू-पी’ म्हणजे ४८ किलोहर्ट्झ, २० बिट किंवा त्याहून मोठ्या डिजिटल मास्टरवरून (ज्या मूळ प्रतीवरून पुढच्या सर्व प्रती निघतात तिच्यावरून) आलेले, ‘एमक्यू-ए’ म्हणजे ॲनालॉग टेपवरून आलेले, ‘एमक्यू-डी’ म्हणजे डीएसडी या सुपर ऑडिओ सीडीच्या डिजिटल स्वरूपातील मास्टरवरून आलेले, आणि ‘एमक्यू-सी’ म्हणजे चक्क सीडीच्या मापाच्या मास्टरवरून आलेले. हाय-रेझच्या व्याख्येत सीडीला जागा कशी मिळाली हे कोडे बाजूला ठेवले तरी, हे संकेत प्रत्येक अल्बमखाली छापले असते तर निम्मा घोटाळा मिटला असता. दुकानांच्या पानांवर ते मला जवळपास कुठेच आढळले नाहीत.

मोठ्या दुकानांपासून सुरुवात करू. ‘एचडीट्रॅक्स’ हे या धंद्यातील जुने नाव. चेस्की रेकॉर्ड्स ही ध्वनिरसिकांची कंपनी चालवणाऱ्या डेव्हिड आणि नॉर्मन चेस्की या बंधूंनी ते २००८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केले. रॉक, जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचा साठा मोठा आहे. एका अल्बमला साधारण १८ ते २५ डॉलर पडतात, सवलतीची कूपने अधूनमधून येत असतात, आणि ती येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे. अल्बमच्या पानावर मापाचा आकडा ठळक असतो, परंतु तो कोणत्या टेपवरून, कोणी, कोणत्या साली तयार केला याचा उल्लेख सहसा नसतो. एकाच अल्बमच्या ९६ आणि १९२ किलोहर्ट्झ अशा दोन आवृत्त्या वेगळ्या दराने दिसतात, तेव्हा दुसरीसाठी जास्त पैसे का द्यावेत याचे कारण गिऱ्हाइकाने स्वतःच शोधायचे असते. मी अशा वेळी ९६ वर थांबतो आणि आजवर पस्तावलेलो नाही.

‘कोबझ’ ही २००७ मध्ये स्थापन झालेली फ्रेंच कंपनी. ती मासिक वर्गणीवर संगीत ऐकवते आणि त्याच ठिकाणी अल्बम कायमचे विकतही देते. ‘सबलाइम’ नावाची वर्गणी घेतली तर हाय-रेझ खरेदीवर चांगली सूट मिळते. गेल्या उन्हाळ्यात तीन महिने मुलीकडे जर्मनीत होतो तेव्हा ही सेवा मनसोक्त वापरली. शोध नीट चालतो, एकदा विकत घेतलेली फाइल फ्लॅक, वेव्ह, एआयएफएफ किंवा ॲपलच्या लॉसलेस स्वरूपात हवी तशी उतरवून घेता येते, आणि पुष्कळ अल्बमांना मूळ पुस्तिका जोडलेली असते, ज्यावरून साल, स्थळ आणि ध्वनिमुद्रण करणारा कळतो. विकत घेण्याआधी वर्गणीवर पूर्ण अल्बम ऐकता येणे ही सोय तर अमोल आहे. मात्र ही सेवा निवडक देशांतच चालते, आणि हे लिहीपर्यंत भारत त्या देशांत नाही. परत आल्यावर मुलीने वाढदिवसाला काय हवे म्हणून विचारले तेव्हा मी दोन अल्बमांची नावे सांगितली, इतकाच आता त्या सेवेचा माझा संबंध.

देशाची ही आडकाठी फक्त तिथेच नाही. मोठ्या कंपन्यांचे हक्क देशवार वाटलेले असल्यामुळे एकच अल्बम एका देशात विकता येतो आणि दुसऱ्यात नाही. एका दुकानात मी टोपली भरली, पत्ता घातला, आणि शेवटच्या पायरीवर सांगण्यात आले की ही वस्तू आपल्या देशात उपलब्ध नाही. हे पहिल्या पायरीवर सांगता आले असते.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या दुकानांकडे वळतो. ती छोटी आहेत, बहुतेक पाश्चात्त्य अभिजात संगीताची आहेत, आणि मुद्रण करणाऱ्यांनी किंवा त्या वर्तुळातील लोकांनी थाटलेली आहेत.

त्यांत पहिला मान ‘हायपेरियन’ला. १९८० मध्ये टेड पेरी यांनी लंडनमध्ये सुरू केलेल्या या कंपनीने वर्षानुवर्षे स्ट्रीमिंगला नकार दिला. २०२३ मध्ये युनिव्हर्सलने ती विकत घेतल्यावर तो नकार संपला, परंतु तिच्या संकेतस्थळाची शिस्त टिकून आहे. कोणत्याही अल्बमचे पान उघडा : मुद्रण कोणत्या तारखांना, कोणत्या चर्चमध्ये किंवा सभागृहात झाले, निर्माता कोण, ध्वनियंत्री कोण, हे सर्व लिहिलेले असते, आणि पुस्तिका विकत न घेणाऱ्यालाही फुकट वाचता येते. मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की जे मुद्रण १६ बिटांत झाले ते १६ बिटांतच विकले जाते. जुन्या अल्बमपुढे मोठ्या मापाचा पर्यायच नसतो. नव्यापुढे असतो, तोही ज्या मापात मुद्रण झाले त्याच मापाचा. जुना माल नव्या वेष्टनात घालून दर वाढवण्याचा मोह ज्यांनी सहज टाळला त्यांच्याकडून मी आता चित्र काढून न पाहता फाइल घेतो. एकेक तुकडा सुटा घेण्याचीही सोय आहे, हे थोडक्यात चव पाहू इच्छिणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.

स्वीडनच्या ‘बीस’ने असाच प्रामाणिकपणा वेगळ्या तऱ्हेने दाखवला. रॉबर्ट फॉन बाऱ यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीची बरीच वर्षांची मुद्रणे २४ बिट पण ४४.१ किलोहर्ट्झ अशी होती, आणि बाजारात ९६ आणि १९२ चे ढोल वाजत असताना त्यांनी आपल्या फाइलींवर ४४.१ हाच आकडा लिहिला. त्यांच्या ‘ई-क्लासिकल’ या दुकानाने दर ठरवण्याची गमतीदार पद्धत आणली होती : संगीताच्या लांबीवर, सेकंदांच्या हिशेबाने. चाळीस मिनिटांच्या अल्बमला ऐंशी मिनिटांच्या अल्बमइतके पैसे का द्यावेत, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता. २०२३ मध्ये ॲपलने बीस विकत घेतली. ज्या बीसच्या फाइली माझ्याकडे आहेत त्या मी जपून ठेवल्या आहेत.

स्कॉटलंडच्या ‘लिन’ या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये सीडी प्लेअर बनवणेच बंद केल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांना तो अविचार वाटला होता. तिच्या मुद्रण विभागाने ‘स्टुडिओ मास्टर’ या नावाने विकलेल्या फाइली आजही या क्षेत्रातील उत्तम नमुने आहेत. माझ्याकडील बारोक संगीताचा एक अल्बम पाहुण्यांना यंत्रणा दाखवायची असली की पहिला लावला जातो.

‘टू-एल’ या नॉर्वेच्या कंपनीकडे मात्र विकत काही घेण्याआधी प्रत्येकाने जावे, कारण तिथे चाचणीसाठी काही फाइली फुकट ठेवलेल्या आहेत. संस्थापक मोर्टन लिंडबर्ग चर्चच्या मोकळ्या जागेत, बहुधा ३५२.८ किलोहर्ट्झ एवढ्या मोठ्या मापात मुद्रण करतात, आणि तोच तुकडा मूळ माप, १९२, ९६, डीएसडी आणि सीडी अशा अनेक रूपांत ठेवतात. सर्वांचा उगम एकच असल्यामुळे तुलना खरी होते. मी ‘फूबार २०००’ या प्लेअरच्या जोडणीने आंधळी परीक्षा दिली : कोणती फाइल वाजते आहे हे पडद्यावर दिसत नाही, आपण ओळखायचे. सोळा प्रयत्नांत माझी नऊ उत्तरे बरोबर आली. हा निकाल मी पत्नीला सांगितला तेव्हा तिने सोळांतल्या उरलेल्या सातांची किंमत रुपयांत किती होते, एवढेच विचारले. माझ्यापेक्षा तरुण आणि तयार कानाच्या वाचकाला कदाचित बारा-तेरा जमतील. पण पाच-पन्नास डॉलर खर्चण्याआधी ही परीक्षा फुकट देता येते, तर ती द्यावी.

ज्यांना डीएसडी हे सुपर ऑडिओ सीडीबरोबर १९९९ मध्ये आलेले वेगळे स्वरूप हवे असेल त्यांच्यासाठी नेदरलँड्सचे ‘नेटिव्ह डीएसडी’ हे दुकान आहे. चॅनल क्लासिक्सचे जॅरेड सॅक्स यांनी ते सुरू केले, आणि प्रत्येक अल्बमचे मूळ मुद्रण कोणत्या स्वरूपात झाले हे तिथे नोंदवलेले असते. दर चढे आहेत, आणि आपले यंत्र डीएसडी थेट वाजवते की आधी साध्या स्वरूपात बदलून घेते हे पाहिल्याशिवाय तिकडे फिरकू नये. इंग्लंडच्या लेमिंग्टन स्पा या गावातील ‘प्रेस्टो म्युझिक’ हे अनेक कंपन्यांचे अभिजात आणि जॅझ संगीत एका छताखाली विकते. मापानुसार दरांच्या पायऱ्या स्पष्ट दिलेल्या असतात, पुस्तिका मिळते, आणि एकाच कृतीची वीस वादकांची मुद्रणे शेजारी-शेजारी मांडलेली पाहायची असतील तर याच्यासारखी जागा नाही.

‘बँडकॅम्प’चे प्रकरण यांहून निराळे. २००८ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी कलाकार किंवा छोटी कंपनी स्वतः फाइल चढवते, दर स्वतः ठरवते, आणि डिजिटल विक्रीतील साधारण १५ टक्के वाटा ठिकाणाला जातो. २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या काळात, एखाद्या शुक्रवारी हा वाटाही सोडून देण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. मध्यंतरी मालकी दोनदा बदलली, २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये, तरी गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मांडणी तशीच आहे. कलाकाराला मूळ फाइल एमपी३ सारख्या, आवाजातील काही भाग गाळून लहान केलेल्या स्वरूपात चढवता येत नाही, त्यामुळे किमान सीडीच्या मापाची खात्री मिळते, आणि त्याने २४ बिटांची चढवली असेल तर तीच आपल्याला फ्लॅक किंवा वेव्ह स्वरूपात मिळते. देशाची आडकाठी सहसा येत नाही. पुण्यातून पहाटे दोन वाजता केलेली खरेदी दोन मिनिटांत हाती पडते. फक्त आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्यावे लागतात.

कुळकथेची हमी तिथे ठिकाण देत नाही. ती त्या-त्या कलाकाराच्या शब्दावर असते. याचा फायदा असा की कलाकाराला थेट विचारता येते. एका तरुण सतारवादकाला मी लिहिले की हे मुद्रण कुठे झाले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले : सभागृहाचे नाव, दोन मायक्रोफोन कुठे उभे केले होते ते, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ हे माप, आणि नंतर आवाजाची पातळी कोणत्याही प्रकारे चढवलेली नाही ही माहिती. मोठ्या दुकानाने माझ्या तक्रारीला दिलेले उत्तर मला त्या वेळी आठवले.

पातळी चढवण्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. गेल्या तीसेक वर्षांत ध्वनिमुद्रिका अधिकाधिक मोठ्याने वाजवण्याच्या स्पर्धेत हळू आणि मोठ्या आवाजातील अंतर दाबून टाकण्याची रीत पडली. अशा दाबलेल्या मास्टरची २४ बिट फाइल घेणे म्हणजे पैठणी इस्त्रीने जाळून मग चांदीच्या पेटीत ठेवणे. नव्याने ‘रीमास्टर’ केलेल्या हाय-रेझ आवृत्तीपेक्षा १९८०-९० च्या दशकातील साधी सीडी कानाला अधिक मोकळी वाटते, असे माझ्या बाबतीत अनेकदा झाले आहे. त्याचे कारण याच दाबण्यात असते, बिटांच्या संख्येशी त्याचा संबंध नाही.

आता हिंदुस्थानी संगीत. मराठी वाचकाचा मुख्य ओढा तिकडे असणार, आणि सांगायला खेद वाटतो की इथे हाय-रेझ दुकानांत फारसे काही हाताला लागत नाही. कारण मुळात आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची पुष्कळ मुद्रणे थेट डिजिटल यंत्रांवर झाली, आणि त्या काळच्या यंत्रांचे माप १६ बिटच होते. १९८७ मध्ये आलेली डॅट ही डिजिटल टेपही त्याच मापाची. अशा मुद्रणाची २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ आवृत्ती कोणी विकत असेल तर तिच्यात जास्तीचे काहीही असू शकत नाही. याचा अर्थ ती मुद्रणे वाईट आहेत असा मुळीच नाही. वेल्समधील निंबस कंपनीने हरिप्रसाद चौरसियांसारख्या कलाकारांची त्या काळात एकाच ठिकाणी ठेवलेल्या मायक्रोफोनांच्या जोडणीतून जी मुद्रणे केली, ती साध्या सीडीवर ऐकतानाही बासरीतील श्वास आणि खोलीतील हवा जाणवते. उलट, कॅलिफोर्नियात वॉटर लिली या छोट्या कंपनीने विश्वमोहन भट आणि राय कूडर यांची जी जुगलबंदी १९९२ मध्ये चर्चमध्ये बसून ॲनालॉग टेपवर घेतली, तिच्यासारख्या मुद्रणाची मोठ्या मापाची आवृत्ती घेण्याला अर्थ आहे, कारण टेपवर जे आहे ते पुन्हा मोठ्या मापात वाचता येते.

त्यामुळे ख्याल-ठुमरीच्या रसिकाला माझा सल्ला जुन्या वळणाचा आहे : जुन्या सीडी शोधाव्यात आणि त्या संगणकावर फ्लॅक स्वरूपात उतरवून घ्याव्यात. मुंबईचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले. पुण्यातले अलूरकर म्युझिक हाउसही आता आठवणीतच उरले आहे, जिथे खासगी मैफलींची मुद्रणे प्रसिद्ध होत आणि कोणती ध्वनिफीत का घ्यावी यावर चर्चा करता येत असे. पण त्या दुकानांतून गेलेल्या सीडी घराघरांतील कपाटांत आहेत, आणि जुन्या बाजारात शंभर-दीडशे रुपयांना मिळून जातात. यूट्यूबवर ‘२४ बिट रीमास्टर्ड’ असे लिहून चढवलेल्या मैफलींकडे दुर्लक्ष करावे. तिथे पोहोचणारा आवाज काही भाग गाळून लहान केलेल्या स्वरूपातच पोहोचतो, मग वर काहीही लिहा.

जुन्या स्पूल टेप घरात असतील तर गोष्ट वेगळी. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस अशा टेपची प्रत किमान २४ बिट, ४८ किलोहर्ट्झमध्ये आणि शक्यतो ९६ मध्ये घ्यावी अशी आहे, कारण पुढे खरखर काढताना ती जागा कामाला येते. माझ्या काकांनी सदाशिव पेठेतील एका वाड्यात मुद्रित केलेल्या दोन बैठकींच्या टेप मी अशा उतरवून घेतल्या. ज्या ध्वनियंत्र्याने ते काम केले त्याने फाइलींबरोबर एक चिठ्ठी दिली, तिच्यात टेपचा वेग, यंत्राचे नाव, तारीख आणि कोणत्या मिनिटाला टेप चिकटवलेली आहे हे सर्व होते. विकतच्या मोजक्या फाइलींबरोबरच मला इतकी माहिती मिळाली आहे.

वापराविषयी थोडे. दोन वाहिन्यांच्या २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या तासाभराच्या संगीताला न दाबता सुमारे २ जीबी जागा लागते; फ्लॅकमध्ये ती साधारण निम्म्याच्या थोडी वर राहते आणि आवाजात काडीचाही फरक पडत नाही, म्हणून वेव्हचा हट्ट धरू नये. ब्लूटूथ हेडफोनवर ऐकणार असाल तर हा सारा खटाटोप व्यर्थ आहे, कारण वाटेत आवाजातील काही भाग पुन्हा गाळला जातो. विंडोज संगणक आपल्या मर्जीने माप बदलतो, तेव्हा फूबारसारख्या प्लेअरमध्ये ‘वासापी एक्सक्लुझिव्ह’ हा पर्याय निवडावा आणि जोडलेल्या डीएसीवर (डिजिटल फाइलीचे ऐकण्याजोग्या आवाजात रूपांतर करणाऱ्या यंत्रावर) दिसणारा आकडा फाइलीच्या आकड्याशी जुळतो का ते पाहावे. विकत घेतलेली फाइल त्याच दिवशी उतरवून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी, कारण दुकाने आणि स्वरूपे टिकतीलच असे नाही. गायक नील यंग यांच्या ‘पोनो’ या हाय-रेझ प्लेअर आणि दुकानाच्या उपक्रमाने २०१४ मध्ये लोकवर्गणीतून ६० लाख डॉलरांहून अधिक जमवले, आणि २०१६ मध्ये त्याचे दुकान बंद पडले. २०१४ मध्येच गाजावाजा करत आलेल्या ‘एमक्यूए’ या फाइल लहान करणाऱ्या स्वरूपाची (वरच्या ‘एमक्यू-ए’ संकेताशी याचा संबंध नाही) मालक कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि टायडल या वर्गणीवर संगीत ऐकवणाऱ्या सेवेनेही पुढच्या वर्षी ते सोडून फ्लॅक धरले. जुन्या ‘एमक्यूए’ फाइली कुठे स्वस्तात दिसल्या तरी घेऊ नयेत. ॲपलची मासिक सेवा भारतात २०२१ पासून २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत ऐकवते आणि रोजच्या ऐकण्याला ती पुरेशी आहे, पण तिच्यातील संगीत आपले होत नाही. आणि त्याच कंपनीच्या आयट्यून्स दुकानातून विकत घेतले तर २५६ केबीपीएसची, काही भाग गाळून लहान केलेली फाइल मिळते, ही विसंगती मला अजून उलगडलेली नाही.

माझ्या स्वतःच्या खर्चाची वाटणी सध्या अशी आहे : पाश्चात्त्य अभिजात संगीत हायपेरियन आणि प्रेस्टोकडून, आपल्या तरुण कलाकारांचे बँडकॅम्पवरून आणि शक्यतो त्या वाटा सोडलेल्या शुक्रवारी, जुने हिंदुस्थानी सीडीवरून. रॉक आणि जॅझसाठी एचडीट्रॅक्सकडे जातो, पण आधी त्या अल्बमच्या मास्टरविषयी इतरत्र वाचून, आणि पहिल्यांदा एकच गाणे घेऊन. ते गाणे स्पेकमध्ये टाकतो. सीमा सरळ रेषेत तुटलेली दिसली तर उरलेला अल्बम घेत नाही.